नऊ डब्या

कळमेश्वरच्या एमआयडीसीमागच्या वस्तीत आशा सेविका दामिनीनं टीबीची मोफत तपासणी सुरू केली. पहिल्याच खेपेला कंत्राटी कामगार रुपरावला टीबी निघाला. सरकारी गोळ्या लगेच मिळाल्या, पण ठेकेदाराच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला कारखान्याच्या गेटवरूनच परत पाठवलं.

महिन्याभरानं दामिनीनं खोकणाऱ्या नऊ कामगारांच्या घरी थुंकीच्या डब्या वाटल्या. या वेळी कुणीच आढेवेढे घेतले नाहीत. रुपरावची बायको मनकर्णा सगळ्यांच्या डब्या पिशवीत घालून स्वतः दवाखान्यात घेऊन आली. नऊही रिपोर्ट चांगले आले.

दामिनी आनंदानं वस्तीत सांगायला गेली. घराघरांतून खोकल्याचा आवाज येत होता, दोन घरांत तर आता लेकरंही खोकत होती. तिनं मनकर्णाला विचारलं, "मावशी, रिपोर्ट तर चांगले आहेत. मग हे सारे काहून खोकून राहिले?"

मनकर्णानं हळूच दार लोटून घेतलं.



"कोणाचं काम जाऊ नये म्हणून नऊही डब्यांत मीच थुकली होती वं, ताई."