खडूचं नाव

बाळकाका जेवणाचं टेबल पुसत होते आणि त्याच टेबलावर त्यांची लेक गार्गी स्वतःच्या पहिल्या सिनेमाच्या फाईलला नाव देत होती. सिनेमा, भाषा, पडद्याचा आकार, आवाज, देश, तारीख. “बाबा, क्रम चुकला तर मुलुंडच्या थिएटरात भलतीच प्रत लागेल.” “अगं, तुझ्या लग्नाच्या बायोडाट्यातही एवढं लिहिलं नव्हतं!” काका पूर्वी त्याच थिएटरात प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते. रिळांच्या पत्र्याच्या डब्यांवर खडूने सिनेमाचं नाव लिहायचे, खाली हळूच स्वतःचं. सिनेमा उतरला, की ओल्या फडक्याने दोन्ही पुसून डबे घाटकोपरच्या थिएटरला रवाना. “आता फाईल बनली त्या जागेची खूण, तीन अक्षरं.” गार्गीने टाईप केलं: बी, ए, एल. “बाळ? हा कोण गं?” “एक जुना ऑपरेटर.” “बरा होता का?” “डोकं खायचा. अजून खातो.” काकांनी हातातलं ओलं फडकं गुपचूप पाठीमागे लपवलं.