जप्त वस्तू चालू आहे की बंद

उगले हवालदारांनी ड्रोनवर हात ठेवला. "मॅडम, ही धरणाची हद्द. इथे उडवायचा तर सात दिवस आधी अर्ज लागतो."

"बाबांनी तीस वर्षं पालिकेत परवाने दिलेत," केतकी म्हणाली. "पण हरवताना त्यांनी अर्ज केला नाही."

ती पाण्याची बाटली घेईपर्यंत बाबा दिसेनासे झाले होते. कुंपणाच्या तारेला त्यांची शाल अडकली होती. पलीकडे पुरुषभर उंचीचं पाणकणीस आणि त्यापुढे पाणी. हल्ली त्यांना मुलीचं नावही आठवत नसे. दोन माणसं हाका मारत फिरत होती, पण ऊन उतरत चाललं होतं. म्हणून तिने लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन गाडीतून काढला, तर हे हवालदार आडवे आले.

"जप्त," म्हणत उगल्यांनी कागद काढला आणि पहारेकऱ्याला न् चहावाल्याला पंच म्हणून उभं केलं.

"पंचनाम्यात लिहावं लागतं, वस्तू चालू आहे की बंद," ते मान वर न करता म्हणाले. "पंचांसमोर उडवून दाखवा. घाई नको. सगळं पाणकणीस फिरवा, काठासकट."

अकराव्या मिनिटाला चहावाला स्क्रीनवर वाकला. "तो बघा, पांढरा सदरा."

बाबा कमरेएवढ्या चिखलात रुतले होते. उगले तिथवर पोचले, तेव्हा बाबा डोक्यावरच्या ड्रोनकडे बोट दाखवत होते.

"याला परवानगी कुणी दिली?"

उगल्यांनी त्यांच्या काखेत हात घातले. "तुमचीच घ्यायला आलोय, साहेब."