पत्रू, टाक

देवाजीनं दोरीला हिसका दिला आणि इंजन एकदाचं सुरू झालं. घाटावर जमलेल्या बायापोरी दोन पावलं मागे सरल्या.

"पाहून घे, पत्रू," देवाजी ओरडला. तो मच्छीमार सोसायटीचा सचिव. इंजन बंद असतं तरी ओरडूनच बोलला असता. "एक चक्कर मार अन् सांग. इंजनची बोट पाहिजे का आपला डोंगा? दोन्ही नाई भेटत. तू नाई म्हणशील तं गडचिरोलीवाल्यायले जाईल. त्यायचा जिल्हा आता अलग झाला, ते टपूनच हायेत."

"अन् हे?" पत्रूनं मागे पाहिलं. मागे त्याची बायको बायना वल्हं घेऊन उभी होती.

"बोटीत सोसायटीचा सुकलू बसंल तुह्यासंग. बाईमाणसाचं काय काम आता? इंजनले वल्हं लागते काय?"

लोक हसले. पत्रूची आई गिरजाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली. सून घरी राहणार म्हणजे चुलीपाशी एक हात वाढणार, हे तिला आधीच दिसलं होतं.

बायना हसली नाही. घरी सासू, दीर, जावा, पोरं. त्या गर्दीत नवराबायकोचं बोलणं मिठापिठापुरतं. हाक मारायची ती "अजी" म्हणून, तीही पदराआडून. नवऱ्याचं नाव जमिनीवर तिनं कधी घेतलं नव्हतं. कोणतीच बाई घेत नसे. डोंग्यात मात्र वेगळं होतं. एका झाडाचं कोरलेलं ते खोड. पुढे पत्रू जाळं घेऊन उभा, तिच्याकडे पाठ करून, आणि मागे ती वल्हं धरून. डोंगा स्थिर झाला की नाही हे मागच्यालाच कळतं, आणि त्याआधी जाळं फेकलं की दोघंही पाण्यात. लग्नाच्या साली असे एकदा पडून झाल्यावर तिनं चिडून म्हटलं होतं, "पत्रू, टाक." तो दचकला आणि मग इतका हसला की डोंगा पुन्हा हलला. तेव्हापासून पाण्यावर तो पत्रू होता. तिथे ती त्याला काहीही सांगायची. पहाटे पडलेलं स्वप्नसुद्धा.

बोट निघाली. पत्रूची पाठ बायनाच्या ओळखीची होती; तो हसतोय हे तिला पाठीवरूनच कळलं. किती आनंदात होता तो! तिला त्याचं बरंही वाटलं आणि रडूही आलं.

मग बोट धुक्यात विरघळली. नुसता आवाज तलावभर फिरत राहिला, कधी इकडून, कधी तिकडून. तलावात बुडालेल्या जंगलाची वाळकी खोडं धुक्यातून डोकी काढून उभी होती. हे सगळं आपण झोपेत पाहतोय असं बायनाला वाटायला लागलं. तेवढ्यात धुकं जरासं फाटलं. बोट थेट मोहाच्या खुंटावर चालली होती. पाण्याच्या जेमतेम वर असलेला तो खुंट डोंग्यातून रोज दिसायचा. पण बोटीचं तोंड वर उचललेलं, मागे इंजनापाशी बसलेल्या पत्रूला पुढचं पाणी दिसत नव्हतं, आणि पुढ्यात बसलेला सुकलू मागे पाहून दात काढत होता.

"पत्रू!" बायना किंचाळली. "डाव्या अंगानं घे! पत्रू! ए पत्रू!"

साऱ्या घाटानं ऐकलं. ज्याच्यासाठी हाक होती त्यानंच ऐकली नाही. खुंटावरचा पाणकावळा उडाला म्हणून पत्रूचं लक्ष गेलं, आणि बोट हातभर अंतरानं निसटली.

घाटावर आता बोटीकडे कोणी पाहत नव्हतं. बाया तोंडाला पदर लावून बायनाकडे पाहत होत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पत्रू उतरला तो अजून हवेतच होता. "उडते ना हे, देवाजीभाऊ! पार त्या टोकाले जाऊन आलो, घाम नाई आला."

"तं मंग ठेवली समजू?"

"पह्यले आपल्या बायकोले इचार," गिरजाबाई मधेच म्हणाली. "तू त्या खुंटापाशी होता तवा तुह्या नावानं बोंबलत होती. चारचौघात! तिकडं मूल गावच्या बजारात ऐकू गेलं असंल."

पत्रूचं हसू थांबलं. "हे? मले हाक मारत होती?" त्यानं बायनाकडे पाहिलं. तिची मान खाली होती. "मले तं नाई ऐकू आली."

"इंजनात काय ऐकू येते, बापा!" सुकलू म्हणाला.

पत्रू इंजनाजवळ गेला. त्याच्या गरम झाकणावर त्यानं हात ठेवला, दुसऱ्याच्या देखण्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. थोडा वेळ तो तिथंच रेंगाळला. मग इंजनाची दोरी उचलून त्यानं देवाजीच्या हातात दिली.

"गडचिरोलीवाल्यायले देऊन टाका."

"काऊन बे? येडा झाला काय?"

पत्रूनं डोंगा पाण्यात लोटला आणि बायना बसेपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

तलावाच्या मध्यावर धुकं अजून दाट होतं. घाट दिसेनासा झाला, माणसांचे आवाजही मागे राहिले. बायनानं वल्हं थांबवलं. डोंगा स्थिर झाला. पुढे पत्रू हातावर जाळं घेऊन उभा होता, तिच्याकडे पाठ करून. बायनानं त्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि घाटावरच्या बाया आठवून पदर पुढे ओढला. डोंग्याच्या अगदी जवळ मासे उसळले. पत्रू हलला नाही.

"मासे चालले ना, अजी," ती शेवटी हळूच म्हणाली.

"जाऊ दे," तो मागे न वळता म्हणाला. "मी ऐकून राह्यलो."