सातच्या गाडीचा शब्द

गाडीचं दार पोलिसानं उघडलं आणि बाळासो जरा गोंधळलेच. आधी डावा पाय टाकायचा की उजवा? कडक इस्त्रीचं जाकीट पोटावर इतकं ताणलेलं, की गुंडी आत्ता तुटते की मग, असं झालेलं.

"साहेब, इकडून," प्रोटोकॉलच्या संयोगिता मॅडम म्हणाल्या. "गालिच्यावरूनच चालायचं. हात जोडलेले ठेवा. आणि हसा की थोडं!"

बाळासो हसले. पण कसं, तर तासाला चोरून डबा खाताना बाईंनी पकडल्यावर आपण हसतो ना, तसं.

कळंबा रोडच्या त्या मैदानावर मंडप नुसता झगमगत होता. झेंडूच्या माळा, दोन्हीकडं स्पीकर, मागं ओळीनं उभ्या नव्याकोऱ्या बसगाड्या. मंचामागचा मोठा फ्लेक्स मात्र वाऱ्यामुळं अजून गुंडाळलेलाच होता. शाळेच्या पोरींनी स्वागतगीत म्हटलं. दुसऱ्या कडव्याला सूर पार पन्हाळ्यावर जाऊन आला. हार गळ्यात पडला, पडला तसा काढूनही घेतला. फीत शेवटी, असं मॅडमनी सांगितलं. सगळं कसं भराभर.

माईकसमोर भाषणाचा कागद होता. बाळासोंनी घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज मात्र खणखणीत!

"राज्यातल्या प्रत्येक गावात आता सकाळची गाडी सुरू झाली आहे. यापुढं गाडी नाही म्हणून एकाही मुलीची शाळा सुटणार नाही, हे मी आज अभिमानानं जाहीर करतो."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबतायत तोच मागून आवाज आला, "माझी सुटलीया की!"

सगळ्या माना वळल्या. पुढच्या सोफ्यांना घालायच्या पांढऱ्या खोळी खांद्यावर घेऊन एक मुलगी उभी होती. मेहक तिचं नाव. शेजारी तिचे अब्बा, मीरासाब. मंडपवाल्यानं घाईनं मागवलेल्या खोळी शिवून दोघं आत्ताच आत आले होते.

एक हवालदार पुढं सरकला. मॅडमनी हातानंच त्याला थांबवलं. "बोलू दे तिला. बघू तरी, साहेब काय उत्तर देतात."

दोघंतिघं पोलीस तोंडावर हात धरून हसले. बाळासोंना ते दिसलं आणि त्यांचे कान तापले.

"आमच्या गावची सातची गाडी दिवाळीपास्नं बंद हाय, साहेब," मेहक म्हणाली. "नववीत होते मी. आता ह्या खोळी शिवते. तुमच्यासाठीच शिवल्यात, बसून बघा."

"मेहक, गप!" मीरासाबनी खोळी खाली ठेवून हात जोडले. "माफ करा साहेब, पोरगी तोंडाळ हाय. पर खोटं न्हाय तिचं. वडापच्या खच्चून भरलेल्या जीपमधनं, बाप्यांच्या मांडीला मांडी लावून पाठवू व्हय तिला? तुमी गाडी सोडतो म्हणा. सोमवारी दप्तर देतो तिच्या हातात. जबान हाय माझी."

बाळासो एका वाक्यात सुटले असते. ते वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण ती पोरगी डोळ्यांत डोळे घालून बघत होती, तिचा बाप हात जोडून उभा होता, आणि आजवर कुणी त्यांच्याकडं असं बघितलंच नव्हतं. वाक्य परत आत गेलं.

"चुकलं आमचं," बाळासो म्हणाले. कागद त्यांनी बाजूला सारला. "लई चुकलं. सोमवारी सातची गाडी तुमच्या गावात यील."

"कुटं यील? कागदावर?" मेहकनं विचारलं. शाळेच्या पोरी खुदकन हसल्या.

"रस्त्यावर यील."

"आणि न्हाई आली तर?"

"तर ह्या तोंडानं परत कुणाला काय सांगणार न्हाय."

मीरासाबनी डोळे पुसले. असे पुसले, जसं काही धूळच गेलीय. "ऐकलंस न्हवं? चल घरी. ड्रेस पेटीतनं काढाय पायजे तुझा."

"आखूड झाला आसंल, अब्बा!"

"मग? शिवणारा हाय मी. दोन बोटं खाली सोडतो की!"

मेहक तर उड्या मारतच निघाली. मंडपाच्या टोकाला गेल्यावर ती वळली आणि हात उंच करून ओरडली, "सोमवारी पहिल्या शिटावर मीच हाय, साहेब!"

सगळ्यांनी हात हलवले. बाळासोंचा हात उठला नाही. ते माईकच्या दांड्याला धरून उभे होते, मान खाली, सगळं अंग घामानं भिजलेलं. वर बघायचीच लाज वाटत होती. ती दोघं रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी त्यांनी मान वर केली नाही.

मॅडम हसत हसत मंचावर आल्या आणि त्यांनी माईक बंद केला.

"काय भारी तालीम केलीस रे, बाळासो! आता उद्या खरे मंत्री येतील, तेव्हा तू आपला रोजच्यासारखा फाटकावर उभा राहा, आणि ती पोरगी परत दिसली तर तिथंच अडव."