पीक संरक्षण सहायक

मुलगी पाहायला पिंपळगाव रेणुकाईला जाताना 'पीक संरक्षण सहायक' हे माझ्या पदाचे नाव मी वाटभर मनात घोळवत होतो. मुलीच्या वडिलांनी, धर्मराजमामांनी, ते शांतपणे ऐकून घेतले.

"ते बराबर. पन दिवसभर करता काय?"

माझी मान खाली गेली. "बियाणे कंपनीच्या बाजरीवरची पाखरे हाकलतो."

"पगार?"

"सोळा हजार. बसायला खुर्ची मिळते, डोक्यावर छत्री. रविवारी सुट्टी."

"रविवारी पाखरं येत न्हाईत?"

"येतात. त्या दिवशी दुसरा माणूस असतो."

मामा उठले आणि दारात उभे राहून समोरच्या आपल्या बाजरीकडे बराच वेळ पाहत राहिले. "मी जल्मभर हेच करून राह्यलो. फुकट. उन्हात."

पडद्याआड बांगड्या हलकेच किणकिणल्या आणि माझा जीव त्या आवाजात अडकून राहिला. आता नकार येणार, हे मला कळून चुकले होते. मामा परत आले, अगदी माझ्या शेजारी टेकले आणि आतल्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाले,

"पोरीचं मागून पाहू, पाव्हणे. आधी तिथं माझं काही जमतंय का बघा."