औषध न दिलेला गट

नात कॉलेजात संख्याशास्त्र शिकायला लागली. मी म्हटलं, "आकडेमोडच ना? त्याला कॉलेज कशाला हवं?"

"तसं नाही गं आजी. औषधाचा गुण खरा की खोटा, ते कसं ओळखायचं, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. सारखीच माणसं घ्यायची, त्यांचे दोन गट करायचे. एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नाही. मग फरक बघायचा."

"हात्तिच्या! हे तर मी न शिकता केलंय. जुळ्या पोरी माझ्या. तुझ्या आईला शाळेत घातलं, हिला घरी ठेवलं." मी मोरीकडे बोट दाखवलं. "बघ फरक! ती साहेबीण झाली. हिला बसची पाटी वाचता येत नाही."

मोरीत भांडी घासणाऱ्या लेकीने नळ बंद केला.

"गुण आला, की त्या दुसऱ्या गटाचं काय करतात गं?" तिने भाचीला विचारलं.

"त्यांनाही औषध देतात, मावशी. द्यायलाच हवं."

ओले हात पुसत ती भाचीच्या उघड्या पुस्तकाजवळ येऊन बसली. पहिल्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय आहे?"

पुस्तक मी मिटलं.

"दोघींना दिलं असतं, तर माझं करायला कोण राहिलं असतं? ऊठ, कढई तशीच पडलीय."