खरबुजाचा वास

बिनचालकाच्या गाडीने यंत्राचा हात लांब करून खरबूज कौतिकाबाईंच्या नाकाशी धरलं. "वास कसा आहे?"

टाळेबंदीत शेत चालू ठेवायचं, तर प्रत्येक तोडणीला हे उत्तर द्यावं लागे. ही साथ सगळ्यात आधी वास नेत असे. मधूनच गाडी मुद्दाम नासकं फळ पुढे करी. उत्तर चुकलं, की पिकावर नांगर आणि घरातली माणसं छावणीत. तिथून अजून कोणी परतलं नव्हतं.

कौतिकाबाईंनी देठाशी हुंगलं. काहीच आलं नाही.

"गोड," त्या अंदाजाने म्हणाल्या. गाडीने फळ क्रेटमध्ये ठेवलं.

गाडी वेलींकडे वळताच त्या नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "अहो, माझं नाक गेलंय. आता तुम्हीच हुंगा."

"घाबरू नको. मी आहे ना," म्हणत भिकाजी पुढे झाले.

गाडीने दुसरं फळ धरलं. खरबूज हुंगताना ते जन्मभर डोळे मिटत आले होते, आताही मिटले.

"वा! नुसता घमघमाट सुटलाय. एकदम गोड."

कौतिकाबाईंना बाजूने दिसत होतं. फळ खालून काळं पडलं होतं आणि त्यातलं नासकं पाणी मातीत टपकत होतं.

गाडीने पुढचं फळ उचललं नाही.